निवृत्तीचं गाव कुणासाठी निवडायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, "आम्ही पंचविशीत आहोत, आणि ही निवृत्तीवर काय बोलतेय?" थांबा जरा. निवृत्ती तुमची नाही, तुमच्या आईबाबांची. तुम्ही पंचवीस-तीसचे असाल तर ते पन्नास ते साठच्या मध्ये कुठेतरी असणार. आणि त्या वयात घराघरात एक वाक्य सुरू होतं: "आता बास झालं, गावाला जाऊन राहू." लोकल चुकली की म्हटलं जातं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण झालं की हमखास म्हटलं जातं. पण कोणतं गाव, कधी, कुणाच्या भरवशावर, यावर कुणी बसून बोलत नाही. मग एक दिवस बाबा रिटायर होतात, फंडाचे पैसे हातात येतात, आणि सहा महिन्यांत घाईघाईने घर बांधून मोकळे होतात.

आमच्या घरी हे बोलणं गेली तीन वर्षं चाललंय. बाबा ५६ वर्षांचे, ठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. आई ५३ची, डोंबिवलीत घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. मी पुण्यात नोकरी करते, धाकटा भाऊ बंगळुरूला. आणि आमचं ठरलंय ते गाव म्हणजे हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. कसं ठरलं, काय काय तपासलं, कुठे अडलं, ते आज सांगते. तुमचं गाव वेगळं असेल, पण प्रश्न बहुतेक हेच असतील.

ऊब म्हणजे नक्की काय?

हेदवी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुहागरच्या दक्षिणेला, वेळणेश्वरच्या शेजारचं किनाऱ्यावरचं गाव. डोंगराच्या कुशीत दशभुजा गणपतीचं देऊळ, पांढऱ्या संगमरवरातली दहा हातांची मूर्ती. खाली समुद्रावर उमामहेश्वराचं छोटं देऊळ आणि त्याच्याजवळ बामणघळ. काळ्या खडकाला पडलेली अरुंद चीर आहे ती. भरतीच्या लाटा त्या चिरेत घुसतात आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. रीलमध्ये तुम्ही पाहिली असेल. पावसाळ्यात तिथे कडेला जाऊन सेल्फी काढायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आईला थंडी सोसत नाही. गुडघे धरतात. मी एकदा म्हटलं होतं, पुण्याजवळ बघूया, मला येणं-जाणं सोपं. आई म्हणाली, "तुमच्या पुण्याचा डिसेंबर मला नको." कोकण किनाऱ्यावर थंडी नावालाच असते, उलट घामाच्या धारा. म्हणजे हवेची ऊब हवी तेवढी आहे. पण माणसं "गावाला ऊब आहे" म्हणतात तेव्हा ती हवेबद्दल बोलत नसतात. आजारी पडलो तर कोण येईल, दोन दिवस दार उघडलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल, हे त्यांना म्हणायचं असतं.

ही ऊब सुट्टीत गेल्यावर कळत नाही. गणपतीला, शिमग्याला गाव भरलेलं असतं. मुंबईकर आलेले, भजनं चाललेली, पालखी घरोघर फिरतेय, प्रत्येक घरात पन्नास माणसं जेवतायत. त्या आठ दिवसांवर गाव निवडलं तर फसायला होतं, कारण नवव्या दिवशी सगळे परत जातात.

भरलेलं गाव आणि रिकामं गाव

यामागे एक मोठा आकडा आहे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,९६,७७७. २०११ला ती झाली १६,१५,०६९. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा ऐंशी हजारांनी कमी झाला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. हा आकडा बघून काही जण खूश होतात, पण त्याचा मुख्य अर्थ साधा आहे: पुरुष मुंबईला, बायका गावाला. शेती, गुरं, म्हातारी माणसं, देवाचे कुळाचार, सगळं बायकांनी सांभाळलं आणि मुंबईहून मनीऑर्डर आली. म्हणजे आपण ज्या उबेचं कौतुक करतो ती बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी आजीच्या, काकूच्या कष्टांवर टिकलेली असते.

आता त्या आज्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यानंतर घराला कुलूप. गावात फिरलात तर दिसेल, गडगा नीट आहे, अंगणात रान माजलंय, दाराला कुलूप.

तरी परत येणारे लोक नवीन नाहीत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले कितीतरी कोकणातले. संप लांबला, पुढे गिरण्याच बंद होत गेल्या आणि पंचेचाळीस-पन्नाशीतले गिरणी कामगार गावी परतले. ते निवृत्तीआधीचं परतणं होतं, पण निवडलेलं नव्हतं, लादलेलं होतं. आता बघा, त्यांना गावाने सामावून कसं घेतलं? लालबाग-परळच्या एकेका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं राहायची. गावाच्या नावाचं मंडळ असायचं. देवळाच्या कौलांसाठी, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी काढायची. शिमग्याला रजा टाकून जायचं, म्हणजे जायचंच. वीस-तीस वर्षं गावात राहिले नाहीत, पण गावाच्या हिशेबात त्यांचं नाव होतं. म्हणून परत आल्यावर ते पाहुणे ठरले नाहीत.

यातून आम्ही घेतलेली गोष्ट ही, की गावातली ऊब साठलेली असते, ती आयती विकत मिळत नाही. ती आधी भरावी लागते. साठीनंतर, गुडघे गेल्यावर, "आता मला सांभाळा" म्हणत गेलात तर गाव सांभाळेलही, पण दयेने. पन्नाशीत, हातपाय चालत असताना गेलात तर गावाला तुमचा उपयोग असतो.

बाबांचं गाव की आईचं?

आता घरातली भानगड. आपल्याकडे "गावाला जाऊ" म्हणजे बाबांच्या गावाला, हे गृहीत असतं. बाबांचं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथे घर आहे, पण सामायिक, सात हिस्सेदार, आणि त्या वाडीत आता दोनच चुली पेटतात. हेदवी माझं आजोळ, आईचं माहेर. तिथे मामा-मामी कायम राहतात, आईच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी लग्न करून जवळच्याच वाड्यांत आहेत.

बाबांना आधी पटेना. "म्हातारपणी घरजावई होऊ काय?" असं हसत म्हणायचे, पण त्यात थोडं खरं होतं. नातेवाइकांनीही टोमणे मारले. तेव्हा एक दिवस मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, तुमच्यानंतर आई कुठे राहणार?" प्रश्न कडू आहे, मला कळतं. पण आपल्याकडे नवरा बहुतेक वेळा वयाने मोठा असतो आणि बायका सरासरीने जास्त जगतात. म्हणजे निवृत्तीचं घर दोघांसाठी बांधलं जातं आणि त्यातली शेवटची काही वर्षं बहुतेक एकटी बाई काढते. तिला ते घर कसं वाटेल? तिथे तिची माणसं कोण? सासरच्या गावात ती आयुष्यभर अमक्याची सून होती. सणाला आली, चुलीपुढे राबली, परत गेली. त्या गावात तिच्या स्वतःच्या ओळखीची, तिला नावाने हाक मारणारी किती माणसं आहेत?

बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हेदवीला मामाला फोन लाव."

मंडळी, आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. निवृत्तीचं गाव दोघांसाठी निवडू नका, मागे उरणाऱ्या एकासाठी निवडा. आणि ते ठरवताना त्या माणसाला विचारा. आमच्या घरात चर्चेचं पहिलं वर्ष असं गेलं की बाबा, मी, भाऊ, काका सगळे बोललो, आणि आई चहा करत होती.

मामाच्या मनातला प्रश्न

फोनवर मामा खूश झाला. पण नंतर जरा थंड पडला. मामी बोलायची, मामा नाही. आईच्या लक्षात आलं. कारण उघड होतं: आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे. बहीण राहायला येते म्हटल्यावर "वाटणी मागणार की काय" हे भावाच्या मनात येणारच.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगते, कारण तुमच्यातल्या कितीतरी मुलींना आणि तुमच्या आयांना ते नीट सांगितलेलं नसतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीला वारस केलं. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. आणि २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असायची अट नाही. लग्न झालं म्हणून हा हक्क जात नाही. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हे तिने ठरवायचं, आणि सही करण्याआधी वाचायचं.

पण कायद्याने मिळालेला हिस्सा आणि भावाच्या घरचा चहा एकाच वेळी टिकवायचा कसा, हे कायद्यात लिहिलेलं नाही. आईने जे केलं ते मला आवडलं. ती एकटी हेदवीला गेली. पडवीत बसून मामाला म्हणाली, "हे बघ, मी नाव काढणार नाही आणि वाटणीही मागत नाही. तू आगर राखलंस, तू खा. मला पुढेमागे घरापुरती जागा लागली तर रीतसर मोजून, कागद करून घेऊ. तोवर मी भाड्याने राहते."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अगो ताई, भाड्याने कशाला? हे घर काय परक्याचं आहे?"

आई म्हणाली, "परक्याचं नाही म्हणूनच भाड्याने. तुझ्या दारात भांडण नको मला."

हक्क सोडला नाही आणि नातंही तोडलं नाही. वाडीतलंच एका मुंबईकरांचं बंद घर अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. घराला माणूस मिळालं, मालकाला थोडं भाडं, आणि मामाला झोप.

ऊब सगळ्यांना सारखी मिळते का?

एक अवघड गोष्ट बोलायला हवी. कोकणातलं गाव म्हणजे वाड्या, आणि वाड्या बहुतेक जातीवर बसलेल्या. प्रत्येक वाडीची विहीर, बसायची जागा, कधी स्मशानसुद्धा वेगळं. पालखी कुणाच्या दारात आधी थांबते यावरून वाद होतात, कोर्टापर्यंत जातात. म्हणजे "गाव फार प्रेमळ आहे" असं कुणी सांगितलं की विचारायचं, कुणाशी? तुमची आई विधवा असेल, घटस्फोटित असेल, आंतरजातीय लग्न केलेली असेल, किंवा तुम्ही वेगळ्या धर्माचे असाल, तर त्या गावात तुमच्यासारख्या माणसाचं कसं चाललंय ते बघा. हळदीकुंकवाला विधवांना बोलावतात का, हा एकच प्रश्न विचारला तरी गावाबद्दल बरंच कळतं.

दुसरी खूण, गावात पैशाच्या आणि कामाच्या पाळ्या चालतात का. जपानच्या ओकिनावा बेटांवर म्हातारी माणसं दीर्घायुषी असतात म्हणून जगभर त्यांचा अभ्यास होतो. तिथे मोआई नावाची पद्धत आहे. काही जणांचा गट, दर महिन्याला प्रत्येकाने ठरावीक रक्कम घालायची, गरज असेल त्याने उचलायची, आणि त्या निमित्ताने आयुष्यभर भेटत राहायचं. ऐकल्यावर आई म्हणाली, "ही तर आमची भिशी!" अगदी बरोबर. बचत गट, भिशी, भजनी मंडळ, लावणीला एकमेकांकडे जाणं. ज्या गावात हे चालू आहे तिथे ऊब आहे. कारण उद्या तुम्ही आला नाहीत तर कुणाची तरी पाळी अडते, आणि माणूस तुमच्या दारात येऊन विचारतो, "आज दिसला नाहीत?"

तीन रोकडी कामं

आता भावना बाजूला ठेवून तपासायच्या तीन गोष्टी. हे काम तुमचं, कारण फोन तुमच्या हातात आहे.

पहिलं, दवाखाना. हेदवीहून चिपळूण पन्नासएक किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, दीड तास धरा. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठं काही असेल तर चिपळूण, किंवा त्याच्या पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. पण २२ जुलै २०२१ आठवा. त्या दिवशी चिपळूणच पाण्याखाली होतं. म्हणजे "हॉस्पिटल चिपळूणला आहे ना" हे उत्तर वर्षातले काही दिवस लागू पडत नाही. म्हणून दोन दिशांचे दोन पर्याय ठरवा. १०८ला फोन केल्यावर रुग्णवाहिका कुठून निघते आणि किती वेळात येते, हे गावातल्या आशाताईंना विचारा. त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. आणि आईबाबांच्या आरोग्य विम्याच्या यादीतलं सगळ्यात जवळचं कॅशलेस हॉस्पिटल कुठे आहे ते आजच बघा. हृदयविकार, डायलिसिस असं काही आधीच असेल, तर किनाऱ्यावरचं गाव निवडताना दहादा विचार करा. डोंबिवलीत रिक्षाने दहा मिनिटांत मिळतं ते तिथे मिळणार नाही, हे मान्य करूनच जायचं.

दुसरं, पाणी आणि वीज. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांत विहिरी तळाला जातात. कारण जमीन जांभ्याची. पाणी मुरतं आणि उताराने समुद्राकडे निघून जातं. म्हणून घर बघायला मे महिन्यात जायचं आणि विहिरीत डोकावायचं. आणि राहायचं जुलैमध्ये. चार दिवस वीज नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, मोबाइलची रेंज फक्त एका कोपऱ्यात, असं घर तुम्हाला आवडलं तर ते तुमचं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. डिसेंबरात बघितलेलं कोकण सगळ्यांनाच आवडतं.

तिसरं, कागद. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, कुळवहिवाट कायद्याची आडकाठी आहे. बाबा शेतकरी नाहीत, आईचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणून ती शेतकरी. कुणी एजंट म्हणाला "नंतर करून देतो", तर तिथून उठा. सातबारा महाभूमीच्या साइटवर मिळतो. इतर हक्कांच्या रकान्यात काय शेरा आहे ते वाचा, कुळकायद्याचा शेरा असेल तर आधी वकील गाठा. हिस्सेदार किती ते मोजा. कोकणात एका गुंठ्यावर तीस नावं असू शकतात, त्यातली पाच माणसं वारलेली आणि दोन परदेशात. समुद्र दिसणारी जागा असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा बघा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवीन बांधकामाला कडक बंधनं आहेत.

आणि कागदातच चौथं एक येतं, पुढच्या वीस वर्षांत शेजारी काय येणार? गुहागर तालुक्याने दाभोळ वीज प्रकल्प पाहिलाय. नव्वदच्या दशकात एन्रॉन आली, आंदोलनं झाली, २००१ला प्रकल्प बंद पडला, पुढे सरकारी कंपन्यांच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. दक्षिणेला खाडीपलीकडे जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प आहे. आज तवसाळहून फेरीबोटीने जयगडला जावं लागतं, उद्या सागरी महामार्गाचे पूल झाले की चित्र बदलेल. रस्ता आला की दवाखाना जवळ येतो आणि जमिनीचे भाव लांब जातात. दोन्ही धरून चाला.

पैशाबद्दल एकच सांगते. बाबांना वाटत होतं लगेच नोकरी सोडून पेन्शन सुरू करावी. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षं सेवा झालेल्याला ५८व्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण अलीकडे घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ती कायमची. म्हणून आमचं ठरलं, बाबा ५८पर्यंत नोकरी करणार, आई आधी जाऊन-येऊन राहणार.

अकरा महिन्यांत काय झालं?

आई गेल्या जूनमध्ये गेली, शिलाई मशीन घेऊन. पडवीत मशीन मांडलं. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग शेजारच्या काकी फाटकी गोधडी घेऊन आल्या. मग शाळेचे गणवेश. गणपतीच्या आधी ब्लाउजांचा ढीग. पैसे कमी मिळतात, पण संध्याकाळी पडवीत चार बायका बसलेल्या असतात. त्यांतल्या दोघी वेगळ्या वाडीतल्या, ज्या मामाच्या पडवीत कधी बसल्या नव्हत्या. मशीनमुळे बसल्या.

बाबा महिन्यातून दोन शनिवार-रविवार जातात. चिपळूणपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. जानेवारीत वाडीच्या नळपाणी योजनेचा पंप जळाला. मेकॅनिक यायला तीन दिवस लागणार होते. बाबांनी स्टार्टर उघडला, शृंगारतळीहून सामान आणवलं आणि रात्री अकराला पाणी चालू केलं. त्यानंतर त्यांना कुणी "आमच्या ताईचे यजमान" म्हणत नाही, नावाने ओळखतात. घरजावयाचा विषय तिथेच संपला. गाव करील ते राव काय करील, असं म्हणतात ना, पण गावाने तुमच्यासाठी काही करायचं तर आधी तुम्ही गावासाठी काहीतरी केलेलं लागतं.

सगळं गोड नाही. ऑगस्टमध्ये आई तापाने पडली, दोन दिवस फोन लागत नव्हता, आणि मी पुण्यात बसून वेड्यासारखी मामाला, मामीला, वाण्याला फोन करत होते. आईने "परत येते" असं दोनदा म्हटलंय. तिला डोंबिवलीची भाजी मार्केटची गर्दी आठवते, नाट्यगृह आठवतं. गावात सगळ्यांना सगळं कळतं, याचा तिला कंटाळा येतो. ती म्हणते, "ऊब म्हणजे थोडा धूरही आलाच." मला ते बरोबर वाटतं.

पण मार्चमध्ये मी तिला विचारलं, "बाबांशिवाय इथे राहशील?" तिने सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "इथे राहीन. संगमेश्वरला नसते राहिले. डोंबिवलीत तर चौथ्या मजल्यावर मी मेले तर दूधवाल्याला कळेल." एवढं उत्तर आम्हाला पुरेसं होतं.

तुम्ही काय करायचं?

या आठवड्यात आईला एकटीला गाठा, बाबांना वेगळं गाठा. दोघांना तोच प्रश्न विचारा: एकट्याने राहायची वेळ आली तर कुठे राहायला आवडेल, आणि तिथे तुझी स्वतःची कोण माणसं आहेत? दोन्ही उत्तरं कागदावर लिहा. जुळली तर उत्तम. नाही जुळली तर भांडायला अजून पाच-सात वर्षं हातात आहेत, आणि म्हणूनच हे आत्ता विचारायचं.

गाव ठरलं की एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिथे भाड्याने काढा. राहायला जायचं पक्कं झालं की मतदार यादीतलं नाव आठ नंबरचा फॉर्म भरून तिकडे हलवा, म्हणजे ग्रामसभेत बसता येतं, नळाच्या पाण्यावर बोलता येतं. गावच्या वर्गणीत नाव घाला. आणि आईबाबांच्या हातात कोणती कला आहे ते बघा: शिवण, वायरिंग, हिशेब, शिकवणी, इंजेक्शन देता येणं, सरकारी फॉर्म भरता येणं. तीच त्यांची गावातली ओळख ठरेल.

आणि हो, आपली जबाबदारी गावावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. मामी आईला पेज देईल, पण डेरवणला नेऊन सही करायला मलाच जायचंय. मी आणि भावाने ठरवलंय, वर्षातून प्रत्येकी तीनदा, आणि त्यातली एक खेप सणाची नसलेली. रिकाम्या गावात जायचं, कारण तेव्हाच आपण लागतो.

बस, आज इतकंच. तुमच्या घरी काय उत्तरं आली ते मला नक्की कळवा, विशेषतः आयांची. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि घरी एक फोन करा.